साडेतीन वर्षांची मुलगी शाळेत नुसतं पाणी ओतते, वर्ष वाया जातंय का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी साडेतीन वर्षांची, इथे बडोद्यातच एका मॉन्टेसरीत जायला लागून आठ महिने झाले, आणि आठ महिन्यांत वही नाही, पेन्सिल नाही, एबीसीडी नाही, रोज विचारलं की म्हणते पाणी ओतलं, टेबल धुतलं, मनोरा केला. नणंदेचा मुलगा तेवढाच, तो दुसऱ्या शाळेत ए टु झेड आणि पन्नासपर्यंत आकडे लिहितो. सासूबाई म्हणतात पाणी ओतायला एवढी फी कशाला भरायची. आणि तुम्हाला धास्ती दोन गोष्टींची, एक म्हणजे पहिलीला साध्या शाळेत घातलं तर ही मागे पडेल का, आणि दुसरी, घरी मराठी, खाली सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्लिश, या सगळ्यात तिचा गोंधळ तर होत नाही ना.

मी बावीस वर्षं तीन ते सहाच्या मुलांबरोबर काम करतेय, तेही याच गावात, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये आणि परत दिवाळीनंतर माझ्यासमोर येतोच. सरळ उत्तर आधी देते, नाही, वर्ष वाया जात नाहीये, शाळा खरंच मॉन्टेसरी असेल तर. या "असेल तर"बद्दल पुढे लिहिते. आधी पाण्याबद्दल बोलू, कारण तुमची सगळी अस्वस्थता तिथूनच सुरू झालीय.

पाणी ओतायचं काम कसं मांडलेलं असतं ते बघा. एक छोटा ट्रे, त्यात दोन लहान जग, काचेचे किंवा चिनी मातीचे, आणि शेजारी स्पंजचा तुकडा, बास. पाणीसुद्धा लगेच देत नाहीत, आधी राजमा, मग मूग किंवा तांदूळ, आणि मग पाणी, कारण दाणा सांडला तर उचलता येतो आणि दाणे ओतता ओतता मनगट किती वळवायचं ते हाताला कळून जातं. मूल शेल्फवरून ट्रे दोन्ही हातांनी उचलतं, जग हलू नये म्हणून श्वास धरून चालतं, आवाज न करता टेबलावर ठेवतं, एका हाताने जगाचा कान धरतं, दुसऱ्या हाताची बोटं पुढून टेकवतं, ओततं, आणि शेवटचा थेंब जगाच्या तोंडाशी लटकलेला असतो तो पडायची वाट बघतं. तो थेंब पडेपर्यंत थांबणं हे साडेतीन वर्षांच्या मुलासाठी फार मोठं काम आहे हो, त्या एका क्षणात त्याचं सगळं अंग त्याच्या ताब्यात असतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगा होता, जेमतेम सव्वातीनचा, घाईचा, जिन्यावरून उतरताना दोन पायऱ्या सोडणारा. तो चार दिवस रोज पाणी सांडायचा. ट्रेमध्ये तळं व्हायचं, मग तो स्पंजने टिपायचा, बादलीत पिळायचा, परत ओतायचा, परत तळं. मी एक शब्द बोलले नाही. पाचव्या दिवशी त्याने जग तिरका करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला, म्हणजे त्याला स्वतःलाच दिसलं की पहिला झोत जोरात येतो तिथे सांडतं, मग त्याने जग इतका सावकाश कलता केला की पाण्याची दोरीसारखी धार पडली. संपल्यावर सवयीने स्पंज उचलला, ट्रेभर बघितलं, टिपायला काही नव्हतंच. स्पंज जागेवर ठेवला आणि परत पहिल्यापासून ओतायला लागला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. चूक त्याला पाण्याने सांगितली होती, मी नाही, म्हणून बरोबर आलेलंही त्याचं स्वतःचं होतं. आणि हो, त्यानंतर पंधरा दिवसांत त्याची आई विचारायला आली की हा आता जिना नीट उतरतो, तुम्ही काय केलंत.

आता तुम्ही म्हणाल हे ठीक आहे, पण लिहिणं कधी. लिहिण्याचीच गोष्ट सांगतेय मी. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर साधारण तीनच हाडं दिसतात, सहा-सात वर्षांपर्यंत सात दिसायला लागतात आणि आठवं त्याहूनही उशिरा. पेन्सिल धरली म्हणून हाताला इजा होते असं मी म्हणत नाहीये, पण जो हात अजून घडतोच आहे त्याला बारीक रेघेत बारीक अक्षर बसवायला लावलं की तो पेन्सिल मुठीत आवळतो, खांद्यापासून जोर लावतो, आणि ती पकड एकदा बसली की दुसरी-तिसरीपर्यंत सुटत नाही. माझ्याकडे पाच वर्षांची मुलं येतात दुसरीकडून, पानंच्या पानं लिहिलेली, आणि दहा मिनिटांत हात झटकतात, दुखतो म्हणतात.

मॉन्टेसरीत लिहिण्याची तयारी पेन्सिलीशिवाय होते. दट्ट्यांची पेटी बघितली असेल तुम्ही, लाकडाचे चार लांब ठोकळे, प्रत्येकात दहा दट्टे, प्रत्येक दट्ट्याच्या डोक्यावर इवलीशी मूठ. ती मूठ अंगठा आणि दोन बोटांनीच धरता येते, म्हणजे पेन्सिल ज्या तीन बोटांत धरायची ती तीन बोटं दोन वर्षं आधीपासून रोज त्याच पकडीत काम करतात आणि मुलाला मात्र वाटतं आपण फक्त जाड-बारीक, उंच-ठेंगणं जुळवतोय. टेबल धुताना ब्रश गोल गोल फिरतो, डावीकडून उजवीकडे सरकत जातो, तोच हात उद्या व आणि ब ची गोलाई काढणार. मग येतात लोखंडी आकार, त्यांच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवायची आणि आत रेघा भरायच्या, इथे पेन्सिल पहिल्यांदा हातात येते पण अक्षरासाठी नाही. मग खरखरीत अक्षरं, पाटीवर सँडपेपरचं अक्षर चिकटवलेलं असतं, दोन बोटांनी गिरवायचं आणि त्याचा आवाज म्हणायचा. डोळा, कान आणि बोट, तिघं एकाच वेळी तेच अक्षर शिकतात. त्यानंतर सुट्या अक्षरांची पेटी, हिच्यात मूल पेन्सिल न धरताच शब्द लिहितं, अक्षरं चटईवर मांडून. "पाणी" म्हणायचं आणि प, काना, ण, वेलांटी काढून ठेवायची. गंमत म्हणजे पिशवी मांडताना जवळजवळ प्रत्येक मूल पहिली वेलांटी प च्या नंतर ठेवतं, कारण कानाला ती नंतर ऐकू येते. त्याचं बरोबरच आहे, कानाने लिहितंय ते. ती पुढे आपोआप जागेवर जाते, घाईने हलवू नये.

मग एक दिवस मूल लिहायलाच लागतं. ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरीबाईंनी त्यांच्या पहिल्या बालगृहातली, म्हणजे लहान मुलांच्या शाळेतली, हकीकत लिहून ठेवलीय, एका पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी खडूने धुराडं काढायला सांगितलं, त्याने काढलं आणि एकदम ओरडायला लागला की मला लिहिता येतं, आणि तिथेच खाली बसून आधी "हात" आणि मग "धुराडं" असे शब्द लिहिले. कोणी त्याला लिहायला शिकवलंच नव्हतं, तयारी पूर्ण झाली होती एवढंच. मी स्वतः असं पाहिलंय, बऱ्याचदा साडेचार ते पाचच्या मध्ये, आणि तो दिवस ज्या मुलाचा असतो ते मग फरशीवर, हातावर, भिंतीवर सगळीकडे लिहितं. वाचन त्याच्या मागून येतं. आपल्याकडे उलटं समजतात, आधी वाचायचं मग लिहायचं.

नणंदेच्या मुलाशी तुलना करताना एवढंच लक्षात ठेवा की ए टु झेड लिहिणं ही बहुतेक वेळा चित्र काढल्यासारखी नक्कल असते. त्या लेकराचा त्यात काही दोष नाही, त्याने सांगितलेलं सगळं मन लावून केलंय. पण तुमच्या मुलीला बॉल म्हटल्यावर पहिला आवाज ब् ऐकू येत असेल तर ती वाचनाच्या जास्त जवळ आहे. शाळेत तिला बी असं नाव न शिकवता ब् असा आवाज शिकवत असतील, घरी कोणी "अगं ब् काय, बी म्हण" असं करत असेल तर ते आधी थांबवा.

आकड्यांचंही तेच आहे. पन्नासपर्यंत लिहिता येणं आणि पाच म्हणजे किती हे कळणं यात फार अंतर आहे. आमच्याकडे दांड्यांची पेटी असते, शून्य ते नऊ असे दहा खण आणि बरोबर पंचेचाळीस लाकडी दांड्या. एकच्या खणात एक, दोनच्या खणात दोन, असं ठेवत नऊपर्यंत गेलं की दांड्या संपतात, एक जरी कमी-जास्त झाली तरी शेवटी कळतं. आणि शून्याच्या खणात मूल हात घालतं, आत काहीच नसतं, परत बघतं. माझ्याकडच्या एका मुलीने तो रिकामा खण तळहाताने पुसला आणि मला म्हणाली "इथे कोणी नाही". ती चार वर्षांची होती. शून्य तिला कायमचं कळलं. पुढे सोनेरी मणी येतात, एक मणी, दहाची कांडी, शंभरचा चौकोन आणि हजारचा ठोकळा, तो ठोकळा दोन्ही हातांनी उचलावा लागतो, मग हजार म्हणजे केवढं ते हाताला कळतं.

हे सगळं कुठून आलं ते थोडं सांगते, कारण सासूबाईंना वाटत असेल हे काहीतरी परदेशी नवं फॅड आहे. नवं तर अजिबात नाही. मॉन्टेसरीबाई मुळात डॉक्टर, १८९६ मध्ये रोममध्ये पदवी घेतलेल्या, आधी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम केलं आणि त्या मुलांची प्रगती बघून त्यांना प्रश्न पडला की मग चांगल्या मुलांचं शाळेत नक्की काय होतंय. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, म्हणजे ही पद्धत श्रीमंतांसाठी निघालेलीच नाही. १९३९ मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या, आणि युद्धामुळे, त्या इटलीच्या म्हणून, इथेच अडकून पडल्या. पण त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधी आपल्या शेजारी भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. त्यांना लोक मूछाळी मा म्हणायचे, मिशीवाली आई. आणि त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या त्या आपल्या मराठी ताराबाई मोडक. त्यांनी मग १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. महागडं लाकडी सामान नव्हतं तर शिंपले, बिया, पानं, बांबू यांचं साहित्य केलं. एका गुजराती माणसाने आणि एका मराठी बाईने मिळून हे काम आपल्या भाषांत आणलं, बडोद्यातल्या मराठी घराला हे परकं वाटायचं कारणच नाही, आणि ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तिथे तर नाहीच नाही. सासूबाईंना ताराबाईंबद्दल सांगा, त्यांना आवडेल.

आता एक माझी चूक सांगते, कारण ती घरात सगळेच करतात. सान लोरेन्झोमध्ये एक तीनेक वर्षांची मुलगी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती, काढायची, मिसळायची, परत घालायची. मॉन्टेसरीबाईंनी तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तरी तिचं लक्ष हललं नाही, चाळीसहून जास्त वेळा तिने तेच केलं आणि मग आपण होऊन थांबली, शांत आणि प्रसन्न, झोपून उठल्यासारखी. ट्रेनिंगमध्ये मी ही गोष्ट पाठ केली होती. आणि नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक मुलगा, जो महिनाभर कशातच रमत नव्हता, तो पहिल्यांदा मनोरा घेऊन बसला. दहा गुलाबी घन, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा आणि सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा. तो शेवटचा छोटा घन दोन बोटांत धरून वर ठेवत होता आणि मला राहवलं नाही, मी म्हटलं "अरे वा, शाब्बास!" त्याने माझ्याकडे बघितलं, घन हातातच राहिला, मग तो हसला, टाळ्या वाजवल्या आणि मनोरा तसाच सोडून उठून गेला. तीन आठवडे तो परत त्या मनोऱ्याकडे फिरकला नाही. त्याचं काम मी माझ्यासाठीचं काम करून टाकलं होतं. ते शाब्बास मी अजून विसरले नाहीये. म्हणून आजही नव्या टीचरला पहिला महिना मी काही शिकवायला देत नाही, खुर्ची देते, वही देते आणि बघायला सांगते.

तुमची मुलगी घरी चप्पल नेहमीच्या जागी नाही म्हणून रडते, आजोबांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं तर आकांत करते, असं तुम्ही लिहिलंय आणि त्याला हट्टीपणा म्हटलंय. तो हट्ट नाहीये. साधारण दीड-दोन ते साडेतीन-चारच्या आसपास मुलांना क्रमाची फार ओढ असते, जग कुठे काय आहे यावरून त्यांना समजत असतं, वस्तू हलली की पायाखालची फरशी हलल्यासारखं होतं. याला मॉन्टेसरीबाई संवेदनशील काळ म्हणायच्या, भाषेचा एक असतो, हालचालींचा एक, बारीक वस्तूंचा एक, क्रमाचा एक, येतो आणि निघून जातो. जो जोरात आहे त्याला खाद्य द्यायचं. तिला चपला ओळीत लावायचं काम द्या, मनापासून करेल.

भाषेचं मात्र तुम्ही अजिबात घाबरू नका. सहा वर्षांपर्यंत मूल भाषा शिकत नाही, पिऊन टाकतं. आपल्या बडोद्याच्या मुलांचे कान बघून मला नेहमी कौतुक वाटतं, आजीशी मराठी, वॉचमनशी हिंदी, मैत्रिणीशी गुजराती, आणि कोणाशी कुठली हे त्यांना न सांगता कळतं. मध्ये मध्ये "मला नथी जायचं" असं येतं, येऊ द्या, सुधारत बसू नका, तुम्ही फक्त स्वतः पूर्ण मराठीत बोला. घरची भाषा पक्की असली की बाकीच्या तिच्यावर उभ्या राहतात. लिपीचं म्हणाल तर मी एक काळजी घेते. गुजरातीला शिरोरेघ नाही, आणि काही अक्षरं देवनागरीच्या इतकी जवळची आहेत की मूल बोटाने गिरवताना त्यांची सरमिसळ करतं, म, न, ग यांत फक्त वरच्या रेघेचा फरक, आणि क मात्र साफ वेगळा. म्हणून एका लिपीची खरखरीत अक्षरं हातात बसली की मग दुसरी काढायची, दोन्ही एकाच महिन्यात नाही. एका मुलीने मला शिरोरेघेबद्दल सांगितलं होतं, "मराठी अक्षरांना छप्पर आहे आणि गुजराती अक्षरं गच्चीवर झोपतात." त्यानंतर मी वर्गात असंच सांगते.

आता ते "असेल तर". मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, उद्या कोणीही बोर्ड लावू शकतं आणि लावतातही, त्यामुळे बोर्डावर जाऊ नका. शाळेत जाऊन एक सकाळ मागे बसू द्या म्हणा. बघायचं काय, तर तीन ते सहाची मुलं एकाच वर्गात आहेत का, वयाप्रमाणे ज्युनिअर-सिनियर वेगळे केले असतील तर अर्धी गंमत तिथेच गेली, कारण छोटी मुलं मोठ्यांचं बघून शिकतात आणि मोठी दाखवता दाखवता पक्की होतात. सलग अडीच-तीन तास मुलांना मोकळं काम करायला मिळतं का, की दर अर्ध्या तासाला बेल होते. शेल्फवर प्रत्येक साहित्याचा एकच संच आहे का, एकच असेल तर थांबावं लागतं, ते थांबणंही शिक्षणच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीचरचा आवाज किती ऐकू येतो. साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद आणि मुलं ओळीत बसून वर्कशीट भरतायत असं दिसलं तर ताई, मग तुमची शंका खरी आहे, शाळा बदला. तुमची मुलगी घरी येऊन पाणी ओतलं, टेबल धुतलं असं सांगते यावरून मला वाटतं शाळा ठीक असावी, कारण नावापुरत्या शाळेत टेबल धुवायला देत नाहीत, खूप पसारा होतो.

सगळंच मला पटतं असं नाही. मॉन्टेसरीबाई लहान मुलांना परीकथा, काल्पनिक गोष्टी देऊ नयेत म्हणायच्या, आधी खरं जग कळू द्या म्हणून. गिजुभाईंनी ते मानलं नाही, ते बालमंदिरात भरपूर गोष्टी सांगायचे, आणि मी गिजुभाईंच्या बाजूची आहे. आपल्या मुलांना चिऊ-काऊ आणि म्हातारीचा भोपळा न ऐकवता मी मोठं करूच शकत नाही. आणि फीचं तर मला खरंच वाईट वाटतं, गरीब वस्तीत जन्मलेली गोष्ट आज शहरात फक्त परवडणाऱ्यांना मिळते.

याचा पुरावा काय असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत मिल्वॉकी शहरात अँजेलीन लिलार्ड यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये छापून आला, तो मला महत्त्वाचा वाटतो कारण तिथे मॉन्टेसरीत प्रवेश लॉटरीने होता, नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली, म्हणजे आईबाप हौशी होते म्हणून मुलं पुढे गेली असं म्हणता येत नाही. पाच वर्षांची मॉन्टेसरीची मुलं वाचनाच्या आणि गणिताच्या तयारीत पुढे होती, दुसऱ्याशी भांडण सोडवण्यातही. बारा वर्षांच्या मुलांत वाचन-गणितातला फरक तसा उरला नव्हता, पण गोष्ट लिहिण्यात आणि शाळा आपली वाटण्यात होता. म्हणजे चमत्कार नाही, पण वर्ष वाया गेलं असंही कुठे दिसत नाही.

पहिलीचं आता. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या हातात अजून अडीच वर्षं आहेत. एवढंच करा की मध्येच काढू नका. तिसरं वर्ष, पाच ते सहाचं, हेच पीक हातात यायचं वर्ष असतं, आणि नेमकं तेव्हाच लोक "आता खऱ्या शाळेची सवय लागू दे" म्हणून काढतात. सहाव्या वर्षी साध्या शाळेत गेलेल्या मुलांना अभ्यास सहसा जड जात नाही, जड जातं ते बेंचवर बसून राहणं, आणि अर्धवट काम सोडून बेल झाली म्हणून उठणं. पहिले दोन-तीन महिने घरी येऊन चिडचिड करतील, तेव्हा संध्याकाळी त्यांना खेळू द्या, क्लास लावू नका.

घरी लिहून घेऊ का असं विचारलंत, तर नका घेऊ. त्याऐवजी तिला ओट्यापर्यंत हात पोचेल असा पाट किंवा स्टूल द्या, स्वतःचा छोटा झाडू द्या, कणकेचा गोळा द्या. थंडीत बाजारात लीलवा आली की सासूबाईंजवळ बसवून तुरीच्या शेंगा सोलायला द्या, शेंग दोन बोटांत दाबून फोडणं आणि दाणा अंगठ्याने ढकलणं याहून चांगला हाताचा व्यायाम माझ्या वर्गात पण नाही. सासूबाईंना आधी एकच विनंती करा, तिचा वेग लागणार तेवढा लागू दे, तिच्या हातातली शेंग घेऊन फोडून देऊ नका, वाटीभर सोलायला तासभर लागला तरी चालेल. तिच्या गाण्यात, गोष्टीत तो तास कसा जाईल कळणार नाही.

आणि रविवारी मांडवीत भांड्यांच्या दुकानात जाऊन एक छोटा जग आणा, तिच्या एका हातात मावेल एवढा, तोंडाला चोच असलेला, कारण चोच नसली की पाणी कडेने ओघळतं आणि तिला वाटेल चूक आपली. जेवायला बसताना सगळ्यांचे पेले तिला भरू द्या, शेजारी एक फडकं ठेवा आणि पहिला आठवडा सांडलं तरी कोणी "अगं अगं" करू नका. आठ दिवसांनी काय झालं ते मला नक्की कळवा.